दगडांच्या गावात दगड सापडेना

नाही, मला एवढंच सांगा, आठवडाभर कारखान्यात संगमरवर कापणाऱ्या माणसानं सुट्टीच्या दिवशी काय बघावं? दगड सोडून काहीही! नदी बघावी, ढग बघावेत, शेजाऱ्यानं घेतलेली नवी गाडी बघून जळावं, झोपावं, नाहीतर अंगणात बसून मिरच्या भाजाव्यात... ऑक्टोबर महिना हो! आमच्या अख्ख्या प्रिलेप गावात घरोघरी मिरच्या भाजायला घेतलेल्या, तो वास असा गल्लीतनं वाहतोय की नुसत्या वासाला लावून पाव खावा, आणि मी? मी कुठाय? मी डोंगरात! बायकोच्या मागनं! दगड शोधतोय! प्रिलेपात दगड! तुम्हाला सांगतो, आमच्याकडे दगड शोधत नाहीत, आमच्याकडे दगड चुकवतात. खिडकी उघडली की दगड, बटाटे लावायला जमीन खणली की दगड, गाडी मागं घेतली की धाडकन दगड, आणि डोंगरावर तर हे असे घराएवढे, बैलाएवढे, कुणीतरी रागारागानं गोणी उपडी केल्यासारखे पसरलेत नुसते. आणि या बाईला त्यातला एकच पाहिजे. अमुक एक. त्याच्या शेजारचा चालत नाही. आणि गादी माझ्या पाठीवर!

हां, गादी. गादीचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटायचं हा माणूस असा का बोलतोय. तर हा जो प्रकार आहे ना, बोल्डरिंग म्हणतात त्याला, म्हणजे दगडावर चढायचं. दोरी नाही, शिडी नाही, नुसते हात, पाय आणि दगड. आणि वरनं पडलात तर खाली गादी. झालं! एवढंच शास्त्र! मी विचारलं, पडायचंच आहे हे आधीच ठरलंय तर चढायचं कशाला? तर म्हणाली, "मेतो, तुला नाही कळायचं." मेतो म्हणजे मी, मेतोदिया. आणि ही माझी बायको, उबावका. पन्नाशी उलटून गेलीय बरं का तिची, मी काय कोवळ्या पोरीबद्दल बोलत नाहीये. तर ती गादी दुमडली की कपाटाच्या दाराएवढी, उघडली की एका माणसाचा पलंग. तिला मागं दोन पट्टे, शाळेच्या दप्तरासारखे. मी पाठीवर घेतली की मागनं मी दिसतच नाही, नुसती गादी चाललीय दोन पायांवर. म्हटलं, तू का नाही घेत गं? तर हात पुढं करून दाखवते, "माझे हात ताजे राहिले पाहिजेत." ताजे! हात आहेत की मासे?

आता तुम्ही म्हणाल, मेतो, बायकोला सरळ नाही म्हण की. अहो, म्हणायला तोंड आहे, पण... म्हणजे कसं, गेल्या वर्षी तिची तंबाखूची वखार बंद झाली. लग्नाच्या आधीपासून तिथं पानं निवडायची ती. बोटांना अशी सवय की डोळे मिटून सांगायची, हे पान वरचं, हे खालचं, हे फेकून दे. आणि एके दिवशी दाराला कुलूप. मग हिवाळाभर ती खिडकीत बसली. नुसती बसली. काही विचारलं की एकच शब्द, "बघू." सूप करू का? "बघू." मुलीचा फोन आलाय स्वीडनहून, बोलतेस? "बघू." अहो, काय बघू? खिडकीतनं समोर भिंत दिसते आमच्याकडं! भांडायची पण बंद झाली. मी मुद्दाम चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात गेलो, तरी काही नाही. तुम्हाला सांगतो, माणसाला इतकी भीती रणगाड्याची वाटत नाही.

मग आली कालिना. माझ्या बहिणीची मुलगी, राजधानीत, स्कोपियेला असते. मामीला म्हणाली, चला चार दिवस माझ्याकडे. घेऊन गेली. तिथं कुठंतरी एक मोठी खोली आहे, भिंतीला प्लास्टिकचे रंगीत बटाटे चिकटवलेत, आणि माणसं त्या बटाट्यांना धरून वर चढतात. पैसे देऊन! कालिनानं गंमत म्हणून मामीला लावलं भिंतीला. आणि मामी उतरेचना! ती बोटं, ती पानं निवडणारी बोटं, त्यांना काम मिळालं हो. घरी परत आली ती गात गात आली. माझे बूट बघून ओरडली! मला इतका आनंद झाला की मी तसाच चिखलात परत जाऊन आलो. आणि पाठोपाठ कालिनानं पाठवली ही गादी. जुनी, तिची. "मामी, तुमच्याकडे तर खरे दगड आहेत! जगभरातनं लोक येतात तिथं!" झालं. त्या दिवसापासनं दर शनिवारी उबावका पुढं, मी मागं, आणि गादी माझ्या पाठीवर!

बरं, चढते तर चढू दे. पण मला खाली उभं राहावं लागतं. हात वर करून. असा, देवळातल्या संतासारखा. आणि ती पडली की झेलायचं नाही! मी आधी झेलायला गेलो तर माझ्यावरच ओरडली. झेलायचं नसतं म्हणे, नुसतं गादीच्या दिशेला वळवायचं. आणि ती वर असताना चुकून जरी माझा हात तिच्या पाठीला लागला तर वरनं किंचाळते, "हात लावलास! हे धरत नाहीत आता! परत खालनं!" अहो, देवासमोर लग्न लावून आणलीय, आणि हात लावला तर धरत नाहीत! आणि पडते तेव्हा जो आवाज होतो ना... ढप्प. तो आवाज मला कारखान्यात करवत चालू असतानासुद्धा ऐकू येतो. सप्टेंबरात एकदा गादी सोडून पडली. मनगट असं सुजलं. मी रात्रभर बर्फ लावतोय आणि ही झोपेत पुटपुटतेय, "डावा पाय... डावा पाय..."

म्हणून त्या शनिवारी मी गाडीतच पैज लावली. त्याचं काय झालेलं, कालिनानं हिच्या फोनवर एक पान दाखवून ठेवलेलं. जगभरची चढणारी माणसं त्याच्यावर आपापले दगड टाकतात. फोटो, नाव, कुठनं जायचं, किती अवघड, सगळं. त्यात आमच्याच डोंगरातला एक दगड, नाव काय, तर कासव. आणि उबावकाच्या मनात ते कासव बसलं. मागचे तीन शनिवार आम्ही तेच कासव हुडकतोय! म्हटलं, उबावका, आज शेवटचं. आज सापडलं तर सापडलं, तू म्हणशील तिथं मी वर्षभर गादी वाहीन, चकार शब्द काढणार नाही. नाही सापडलं तर गादी कालिनाला परत, आणि आपण पुढच्या शनिवारपासून माणसासारखे मिरच्या भाजायला मोकळे. ती म्हणाली, "हात मिळव." मिळवला. मनातल्या मनात मी मिरच्यांची पोती मोजायला लागलो. कारण मला माहीत होतं ना, सापडणार नाही! चौथ्यांदा कासव कुठनं येणार? मधल्या काळात चालत लांब गेलं असेल एव्हाना!

गाडी डोंगराच्या पायथ्याच्या गावात हौदापाशी लावली. तिथनं पायी. गावाच्या मधोमध. उबावका पुढं, हात हलवत, ताजे हात, आणि मागं मी, आणि गादी माझ्या पाठीवर! दुकानाबाहेर बाकावर बोगे बसलेला, बिअरची बाटली घेऊन. बोगे माझ्या शाळेतला, तिसरीपासनं ओळखतो. त्यानं उबावकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गादीकडं बघितलं, आणि बाटली खाली ठेवली.

"हाकललं?"

म्हटलं, नाही रे, आम्ही...

"लाजू नकोस मेतो. मलाही दोनदा हाकललंय. पण मला कुणी गादी नव्हती दिली हो! तुझी बायको प्रेमळ आहे."

म्हटलं, बोगे, आम्ही दगड शोधतोय. तर तो आणखीनच हळवा झाला. माझा हात धरला. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडं खोली आहे मागं. कोंबड्या बाहेर काढतो." तोवर उबावका परत फिरून आली, फोन पुढं धरला, म्हणाली, "बोगे, हे बघ. यात लिहिलंय, शेवटच्या घरापासून अक्रोडाच्या झाडाशी वळा, ओढा ओलांडा, दोन दगडांच्या मधनं जा, डावीकडं दगड दिसेल." मी म्हणतो, हा पत्ता लिहिणारा माणूस मला एकदा भेटवा! दोन दगडांच्या मधनं जा! इथं दोन दगडांच्या मधनं न जाता जाऊन दाखवा तुम्ही! माणूस जन्मतो तोच दोन दगडांच्या मधे! पण उबावका गंभीर. "अक्रोडाचं झाड कुठाय बोगे?" बोगे थोडासा उठला, वाकून बुडाखाली बघितलं, म्हणाला, "हे काय." बाक! झाडाचा बाक केलेला! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... मी बोगेच्या पाठीवर थापच मारली. त्याला वाटलं, खोलीबद्दल.

पण ही मागं फिरेल तर शपथ. "उभं कुठं होतं ते झाड?" बोगेनं हात केला वरच्या बाजूला, अगदी राइना आजीच्या घराकडं, ते शेवटचं घर. निघालो. राइना आजी अंगणात बसून मिरच्यांच्या माळा ओवत होती. काळं लुगडं नाही हो, काळा झगा, काळा रुमाल, नवरा जाऊन कैक वर्षं झाली, आणि जीभ मात्र नव्या नवरीची. तिनं मला बघितलं, गादीसकट, आणि डोळ्यांना पदर... रुमाल लावला. "पोरा, इकडं ये." मी गेलो. तिनं आतनं बरणी आणली, ताज्या आइवारची, म्हणजे भाजल्या मिरच्यांच्या चटणीची, गरम, लाल, वर तेल तरंगतंय. माझ्या हातात दिली. "खा. अंगात बळ येईल. जगात देव आहे." आणि मग वळली उबावकाकडं, "लाज नाही वाटत? या वयात माणसाला घराबाहेर काढलंस?"

उबावका म्हणाली, "आजी, कुणी काढलं नाही. आम्ही दोघं डोंगरात चाललोय."

आजीनं माळ खाली ठेवली. "दोघं?"

"दोघं."

"डोंगरात?"

"हो."

"...गादी घेऊन?"

मी बरणीकडं बघतोय. आजी माझ्याकडं बघतेय. वरनं खालपर्यंत. मग हळूच छातीवर क्रूस केला, आणि म्हणाली, "तुम्हाला घर नाही का रे?" उबावका हसायला लागली ती थांबेचना, आणि ती हसते म्हणून आजी पण हसायला लागली, आणि शेवटी आम्ही ओढ्याकडं उतरलो तरी मागनं आजीचा आवाज, "आमच्या वेळी गवतावर भागायचं!" अख्ख्या गावानं ऐकलं. खाली बोगेनं ऐकलं. बोगेनं बाटली उंच केली लांबनं. माझी इज्जत गेली, दुपारचं ऊन डोक्यावर, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, आणि गादी माझ्या पाठीवर!

मग ओढा. ओढा ओलांडला. मग दोन दगड. मग दुसरे दोन दगड. मग तिसरे. उबावका प्रत्येक दगडापुढं फोन धरते, फोटो बघते, दगड बघते, मान हलवते, पुढं. हरवलेल्या माणसाला खांद्यावरच्या तिळावरनं ओळखावं तसं ती ओळखायला बघतेय, उजवीकडं एक भेग पाहिजे, वरती पुढं झुकलेला बाक पाहिजे, खाली पांढरे डाग पाहिजेत, म्हणजे आधी चढलेल्यांच्या हातांच्या खडूचे. एक सापडला, भेग आहे, बाक नाही. एक सापडला, बाक आहे, पण तो म्हणे फार बुटका. एक तर हुबेहूब कासव! डोकं, पाठ, शेपूट! मी म्हटलं, सापडलं! (जीभ चावली लगेच, माझी पैज ना ती!) तर म्हणाली, "हे डुकरासारखं आहे." मी बाजूनं बघितलं तर खरंच डुकरासारखं. अशी दुपार कलली. माझे खांदे गेले, गुडघे गेले, आणि तिचं बोलणं... तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. आधी "इकडं बघू या," मग नुसतं "इकडं," मग नुसता हात, आणि मग तोही नाही. आणि एका चपट्या दगडावर ती बसली. बूट काढले नाहीत, पाणी प्यायली नाही. फोन पालथा ठेवला.

मी मनात म्हटलं, जिंकलो! मेतो, जिंकलास! फक्त आता तोंड बंद ठेव. म्हटलं, मी जरा त्या झुडपाआड जाऊन येतो. गेलो. नैसर्गिक कामासाठी हो. आणि तुम्हाला सांगतो, माणसाच्या नशिबात असतं ते झुडपाआडसुद्धा गाठतं. झुडपापलीकडं थोडी उतरण, आणि खाली... काय सांगू. एक दगड. गोल. दोन मजली घर असावं तेवढा. एकही काटा नाही, एकही झुडूप अंगावर नाही, असा गुबगुबीत, पोट पुढं काढून बसलेला. उन्हात चमकतोय. मी आयुष्यभर दगड बघितला, कापला, घासला, पण एवढं सांगतो, असा दगड कापायला माझा हात झाला नसता. मी पँटचं बटण लावलं आणि ठरवलं, आपण काही बघितलं नाही. इथनं सरळ परत जायचं. गाडी, घर, मिरच्या.

परत आलो. म्हटलं, काय मग उबावका, निघू या? अंधार पडायच्या आत पोचू. गादी कालिनाला कधी पाठवायची?

ती म्हणाली, "बघू."

...

तो शब्द. तोच आवाज. समोर भिंत असल्यासारखी समोर बघतेय, आणि समोर तर अख्खं मैदान पसरलंय, तंबाखूची शेतं, रस्ता, गाव. मांडीवर हात असे उपडे ठेवलेले. ती बोटं. मी म्हटलं, उबावका, थोडं खातेस? "बघू." मी तिथं उभा, पाठीवरची गादी एकदम इतकी जड झाली की वाटलं कुणीतरी वर चढून बसलंय. इकडं ढप्प, तिकडं बघू. सांगा मला, तुम्ही असतात तर कुठलं घेतलं असतंत? मला दोन्ही नको होतं! मला मिरच्या पाहिजे होत्या! पण तोंड माझं ऐकतं का? तोंड म्हणालं, "त्या झुडपामागं... एक आहे. गोल. बघायचा असला तर."

अहो, ती उठली नाही, उडाली! मी झुडूप वळसा घालून पोचेपर्यंत ही त्या दगडाला हात लावून उभी. फोन धरला, फोटो बघितला, दगड बघितला. मी विचारलं, हे आहे का कासव? तर हळूच म्हणाली, "नाही. मेतो, हे कासव नाही. याच्यावर पांढरा डाग नाही एकही. याच्यावर... कुणी चढलंच नाहीये अजून." आता बघा, नियमानं मी पैज जिंकलेली! कासव सापडलंच नाही! पण तिचं तोंड असं झालेलं की मी पैजेचं नावसुद्धा काढलं नाही. निमूटपणे गादी काढली, पसरली, मधे सुरकुती राहिली ती पायानं सरळ केली. मग तिनं पिशवीतनं ब्रश काढला आणि दगडावरचं शेवाळ घासायला लागली. दाताचा ब्रश. निळा. माझा! म्हटलं, अगं, हा माझा ब्रश! म्हणे, "तुझा मऊ आहे."

मग सुरू झालं. पायात ते बूट, दोन माप लहान, बोटं आत दुमडलेली, हाताला खडूची पूड. धरलं, पाय टेकला, ढप्प. धरलं, पाय टेकला, थोडी वर, ढप्प. मी खाली हात वर करून, संत मेतोदिया! पकडायला काही नाहीच त्या दगडाला, सगळीकडं गोल. पोटापाशी आली की घसरते. "मेतो, हात काढ!" काढला. "मेतो, हात कुठाय?" लावला. "लावू नकोस!" मी म्हटलं, बाई, मी हात ठेवू कुठं, खिशात? ढप्प. आणि मग एकदा तिनं डावा पाय असा पार कानापाशी नेला, आणि त्या पोटावर नुसती चिकटली. हलेना. वरही नाही, खालीही नाही. मी खालनं बघतोय, पाय थरथरतोय तिचा. मला ओरडावंसं वाटलं, उतर! आणि ओरडावंसं वाटलं, चढ! आणि तोंडातनं काय आलं? तोंडातनं आलं, "उबावका, पान वरचं का खालचं?" का आलं, मला विचारू नका! मीच हबकलो. पण तिनं डोळे मिटले. खरंच मिटले हो! आंधळ्यासारखी हात फिरवत राहिली त्या दगडावर, बोटांनी, हळू, आणि कुठंतरी एक खाच, पानाच्या देठाएवढी, सापडली तिला. आणि गेली! हात, हात, गुडघा, आणि पोरगी वर!

पोरगी म्हणालो का मी? असू दे.

वरनं आधी हसणं. मग रडणं वाटलं, मग परत हसणं. मी खाली. म्हटलं, ये आता खाली! "नाही येत!" म्हटलं, कशी येणार आहेस? "माहीत नाही!" हे बरंय! वर जायचा विचार केला महिनाभर, खाली यायचा क्षणभर केला नाही! मी दगडाभोवती एक चक्कर मारावी म्हणून निघालो तेवढ्यात वरनं तिची किंकाळी. वर बघितलं तर उबावकाच्या खांद्यावरनं एक दाढीवालं तोंड डोकावतंय. बकरी! एक बकरी! मग दुसरी! निवांत पाला चघळतायत! आणि खाली माझ्या मागनं योन्चे आला, त्यांचा गुराखी, काठी टेकत. मला म्हणाला, "काय करतोयस इथं?"

म्हटलं, बायकोची वाट बघतोय.

"कुठाय?"

वर.

योन्चेनं वर बघितलं. ही दगडाची भिंत बघितली. "इथनं गेली?" म्हटलं, इथनं गेली. "का?" तो म्हणाला, "मागनं पायवाट आहे की. माझ्या बकऱ्या रोज जातात. माझी आई चपला घालून जायची, कपडे वाळत घालायला." मग त्यानं विचार केला, बराच केला, आणि काठीनं दाखवत म्हणाला, "मग ही गादी कशाला?"

मी मागनं गेलो. चपला घातल्यासारखा, डबा आणि बरणी घेऊन, बकऱ्यांच्या मधनं. ती कडेला पाय सोडून बसलेली, गुडघा सोललेला, पोटावरनं खडू, तोंडावर खडू, केसांत शेवाळ. मी शेजारी बसलो. पालेभाजी भरून भाजलेला झेल्निक काढला, आइवार काढला, बकरीला ढकललं. म्हटलं, उबावका, मागनं पायवाट आहे गं. तर म्हणते, "मला दिसली." कधी? "तू गादी पसरत होतास तेव्हा." आणि खायला लागली. बोटांनी आइवार. खाली लांब वखारीचं छप्पर दिसत होतं, पत्र्याचं, आगपेटीएवढं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय राइना आजीचं." तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मिरचीचं नाव सांगितलं.

आता इथं संपायला पाहिजे होतं ना? पण नाही. घरी आल्यावर कालिनाला फोन. कालिना तिकडनं किंचाळतेय, "मामी, तुम्ही पहिल्या! जगात पहिल्या! त्या पानावर टाका, नाव तुम्ही द्यायचं!" म्हणजे जो पहिल्यांदा चढला त्यानं दगडाचं नाव ठेवायचं असतं म्हणे. म्हटलं, काहीतरी सुंदर ठेव. गरुड ठेव. पहाट ठेव. उबावकानं चष्मा लावला, एका बोटानं टाइप केलं, आणि पाठवून दिलं. मी बघितलं. नाव ठेवलंय, मेतोदिया.

म्हटलं, का गं? म्हणाली, "गोल आहे."

अहो, लोक यायला लागले! झेक पोरं आली, ग्रीक आले, पोलंडहून एक जोडपं आलं, गाडीच्या टपावर तीन गाद्या. आणि प्रत्येकजण उतरला की त्या पानावर लिहितो. मुलगी स्वीडनहून वाचून फोन करते आणि हसते. मीही वाचतो, काय करणार! "मेतोदिया, सुरुवातीला फार अवघड, कुठं धरावं तेच कळत नाही." "सकाळी थंड असतो, दुपारी जरा बरा." "पोटापाशी घसरायला होतं." "मेतोदियाला पाऊस पडल्यावर हात लावू नका." कारखान्यात सगळ्यांनी वाचलंय. बोगेनं वाचलंय. बोगेला इंग्रजी येत नाही, त्यानं शिकून वाचलंय!

आणि परवा एका जर्मन पोरानं लिहिलं, "मेतोदियावर वेळ घालवू नका, आजूबाजूला याच्यापेक्षा चांगले आहेत." मला लागलं हो. माझ्या नावाचा आहे शेवटी. मी उबावकाला दाखवलं, म्हटलं, बघ काय लिहितात, दे काहीतरी उत्तर. तिनं चष्मा लावला, एका बोटानं बराच वेळ टाइप केलं, आणि खाली स्वतःच्या नावासकट लिहिलं,

"मी अख्खं आयुष्य घालवलंय. सवय होते."